पेटीची नोंद आहे, माणसाची नाही

पिंपळगाव बसवंतच्या पॅकहाऊसमधून युरोपला निघालेली द्राक्षाची पेटी कोणत्या गावातली, कोणत्या बागायतदाराच्या कोणत्या प्लॉटमधली, हे पेटीवरच्या क्रमांकावरून सांगता येते. शेतमाल निर्यातीची केंद्रीय संस्था असलेल्या अपेडाच्या ग्रेपनेट या संगणकीय यंत्रणेवर त्या प्लॉटची नोंदणी असते. डावणी आणि भुरी या द्राक्षावरच्या रोगांना काय मारले, शेवटची फवारणी आणि तोडणी यांच्यात किती दिवस गेले, हे बागायतदाराच्या वहीत असते. तोडणीआधी नमुना प्रयोगशाळेत जातो आणि तिथे किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम इतके बारीक अंशसुद्धा शोधले जातात. २०१० साली लिहोसीन या वेलीची वाढ रोखणाऱ्या औषधातल्या क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश सापडले म्हणून युरोपने आपला माल अडवला होता. तो हंगाम निफाड-दिंडोरीत अजून कोणी विसरलेले नाही. त्यानंतर तपासणी आणखी कडक झाली आणि ते चांगलेच झाले.

आता त्याच प्लॉटमध्ये वीस हंगाम फवारणीचा ब्लोअर चालवलेल्या माणसाचा विचार करा. किंवा ऑक्टोबर छाटणीनंतर काडीचे डोळे फुटावेत म्हणून त्यांना डॉरमेक्स या रसायनाचे पेस्टिंग करणाऱ्या, सुरगाणा-पेठकडून आलेल्या टोळीतल्या बाईचा. यांच्यापैकी कोणाला पुढे कॅन्सर झाला, तर तो जिल्ह्याच्या कोणत्या वहीत लिहिला जातो? रुग्णालयाच्या केसपेपरवर असतो, पॅथॉलॉजीच्या अहवालात असतो, योजनेतून उपचार झाले तर विम्याच्या दाव्यात असतो. पण नाशिक जिल्ह्यात यंदा किती जणांना, कोणत्या अवयवाचा, कोणत्या वयात कॅन्सर झाला, आणि त्यातले फवारणारे किती, हे एका जागी सांगणारी वही नाही. पेटीवरच्या अंशांचा हिशेब आहे आणि अंगावर उडालेल्या औषधाचा नाही, कारण पेटीचे गिऱ्हाईक हिशेब मागते.

माझे म्हणणे असे, की कर्करोगाच्या संशोधनात नाशिकला काही खरे काम करायचे असेल तर ते मोजणीपासून सुरू करावे लागेल. नवे यंत्र, नवी इमारत, नवी जनुकीय चाचणी या सगळ्याआधी. ऐकायला हे फार नीरस वाटते, आणि म्हणूनच ते कोणी करत नाही.

बागायतदारांशी हा विषय काढला की ठरलेले उत्तर येते: कॅन्सर तंबाखूने होतो, उगाच औषधांच्या नावाने शंख करू नका. यातला पहिला भाग मोठ्या प्रमाणात बरोबर आहे. भारतातल्या पुरुषांच्या तोंडाच्या कॅन्सरमागे तंबाखू आणि सुपारी आहेत, याबद्दल आता वाद उरलेला नाही. सुपारी तर तंबाखूशिवायही कर्करोगकारक आहे, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ च्या अहवालात स्पष्ट म्हटले. आपल्या जिल्ह्यात सिन्नरला पिढ्यानपिढ्या विड्या वळल्या गेल्या, घराघरांत बायका मिश्री लावत आल्या, आणि २०१२ पासून राज्यात गुटखा बंद असूनही तो कोणत्या टपरीवर मिळतो हे शाळकरी पोरगाही सांगेल. तेव्हा फवारणीबद्दल बोलताना तंबाखूला सोडून देता येत नाही. पण तंबाखू खाणारा आणि फवारणी करणारा बऱ्याचदा एकच माणूस असतो. त्याच्या आजारात कशाचा वाटा किती, हे वेगळे काढायचे तर दोन्ही गोष्टींची नोंद लागते. तंबाखूकडे बोट दाखवून दुसरी नोंद टाळणे हे काही उत्तर झाले नाही.

दुसरीकडे गावात याच्या नेमका उलटा समज असतो. एका वस्तीवर पाच वर्षांत चार जण कॅन्सरने गेले की सगळे औषधांमुळेच झाले, असे ठरून जाते. कदाचित ते खरे असेल. कदाचित त्या वस्तीत साठीच्या पुढची माणसे जास्त असतील. कदाचित पूर्वी निदानच होत नव्हते आणि आता तालुक्याला सोनोग्राफी आल्यामुळे होऊ लागले असेल. चार हा आकडा मोठा की लहान, हे ठरवायला शेजारच्या पन्नास वस्त्यांचा आकडा हवा. तो नसल्यामुळे भीतीही अंदाजावर चालते आणि धीरही अंदाजावरच दिला जातो.

पंजाबात हे एकदा घडून गेले आहे. माळवा भागातून बिकानेरला उपचारासाठी जाणाऱ्या रुग्णांच्या गाडीला लोक 'कॅन्सर ट्रेन' म्हणू लागले, देशभर बातम्या झाल्या, आणि कापसावरची औषधे हेच कारण असे बहुतेकांनी धरून टाकले. पुढे टाटा स्मारक केंद्राने तिथे चार ठिकाणी रीतसर नोंदणी सुरू केली. पहिले आकडे आले तेव्हा मानसा आणि संगरूर या शेतीच्या जिल्ह्यांपेक्षा चंदीगड आणि मोहाली या शहरी भागांतले प्रमाण जास्त निघाले. याचा अर्थ औषधे निर्दोष ठरली असा नाही. खेड्यात निदान कमी होत असेल, विशिष्ट प्रकारचे कॅन्सर एकूण आकड्यात दडून जात असतील. पण निदान पुढचा प्रश्न कोणता विचारायचा, हे तरी कळले. आपण त्याही पायरीवर नाही.

लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी म्हणजे नेमके काय, हे थोडे सांगायला हवे, कारण रुग्णालयाचे रजिस्टर आणि ही नोंदणी यांची नेहमी गल्लत होते. रुग्णालयाच्या रजिस्टरमध्ये तिथे आलेला प्रत्येक रुग्ण असतो, मग तो धुळ्याचा असो की बलसाडचा. लोकसंख्याधारित नोंदणीत ठरावीक भूभागात किमान वर्षभर राहणाऱ्यांपैकी प्रत्येक नवा रुग्ण मोजला जातो, मग तो उपचार कुठेही घेवो. त्यासाठी नोंदणीचे कर्मचारी दवाखाने, पॅथॉलॉजी लॅब, क्ष-किरण आणि स्कॅनची केंद्रे, मृत्यूनोंदणीची कार्यालये असे फिरतात. एकच माणूस चार ठिकाणी गेला असेल तर चार नोंदींची एक करतात. मग वयाचा फरक काढून टाकून लाखामागे दर काढतात. भारतात अशी पहिली नोंदणी मुंबईत इंडियन कॅन्सर सोसायटीने १९६३ मध्ये सुरू केली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाचा २०२० चा अहवाल पाहिला तर त्यात देशभरच्या अशा २८ नोंदण्या आहेत. महाराष्ट्रातून मुंबई, पुणे, नागपूर, औरंगाबाद, वर्धा, बार्शी आणि उस्मानाबाद-बीड. ६१ लाख लोकसंख्येचे नाशिक त्या यादीत नाही. हा ६१ लाखांचा आकडाही २०११ च्या जनगणनेचा.

यातली खरी मेख पुढे आहे. नाशिकचा रुग्ण सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसने परळ गाठतो. तिथे त्याचे निदान होते, उपचार होतात, टाटा रुग्णालयाच्या दप्तरात तो येतो. पण मुंबईची नोंदणी फक्त मुंबईच्या रहिवाशांची असल्याने तिच्यात तो बसत नाही, आणि नाशिकची नोंदणी नसल्याने इथेही बसत नाही. पुढे तो घरी परततो, गावातच मरण पावतो, आणि मृत्यूच्या दाखल्यावर हृदयक्रिया बंद पडल्याचे लिहिले जाते. घरच्यांनी आजाराचे नाव शेजाऱ्यांना सांगितलेले नसते, कधी कधी खुद्द रुग्णालाही नाही. मुलीचे लग्न व्हायचे असते. अशा रीतीने एक संपूर्ण आजारपण कोणत्याही लोकसंख्येच्या हिशेबात न येता संपते. २०२२ साली भारतात कॅन्सरचे सुमारे १४ लाख नवे रुग्ण आणि ९ लाख मृत्यू झाले, हा जो आकडा आपण वाचतो, तो देशाच्या लोकसंख्येच्या पाचव्या हिश्श्याहूनही लहान भागाच्या नोंदींवरून बांधलेला अंदाज आहे. त्या भागात आपण नाही.

हे सगळे परदेशी थेर आहे असे कोणाला वाटत असेल तर महाराष्ट्राचा स्वतःचा इतिहास उलट सांगतो. १९४१ मध्ये टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले आणि तिथल्या विकृतिशास्त्राच्या विभागात वसंत रामजी खानोलकर बसले. त्यांच्याजवळ आजच्यासारखी जनुके वाचणारी यंत्रे नव्हती. सूक्ष्मदर्शक होता, आणि रुग्णाला प्रश्न विचारायची सवय होती: काय खातोस, कुठे ठेवतोस, काय नेसतोस, कसे बांधतोस. १९४५ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह लिहिलेल्या एका निबंधात धोतराच्या कॅन्सरचे वर्णन आहे. कमरेला वर्षानुवर्षे घट्ट गाठ बसून जिथे कातडी घासली जाते, नेमका तिथेच होणारा त्वचेचा कॅन्सर. तोंडाच्या कॅन्सरची जागा आणि तंबाखू ठेवायची जागा यांचा संबंधही त्या पिढीने असाच जोडला. पुढे टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या दंतसंशोधन विभागातील फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांत घरोघर जाऊन १,०१,७६१ माणसांची तोंडे तपासली. हा अभ्यास १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. एक लाखाहून जास्त तोंडे, टॉर्च आणि आरसा घेऊन. तोंडातले पांढरे चट्टे, तंबाखूची सवय आणि कॅन्सर यांची साखळी अशा कामातून पक्की झाली.

आणि बार्शी. १९८७ मध्ये बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाने बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतल्या ३४६ गावांसाठी देशातली पहिली ग्रामीण नोंदणी सुरू केली. त्या वेळी त्या भागात ना मोठी पॅथॉलॉजी लॅब, ना डॉक्टरांकडे धड नोंदी. मुंबईची पद्धत तिथे चालणारच नव्हती. म्हणून त्यांनी माणसे गावोगाव पाठवली. ती सरपंचाला, शिक्षकाला, दाईला भेटत. कोणाला बरे न होणारे तोंड आले आहे का, कोणा बाईला पाळी गेल्यावर रक्त जाते का, अशी चौकशी करत. लक्षणे समजावून सांगत आणि संशय असेल त्याला रुग्णालयात यायला लावत. मोजायला गेलेल्या माणसांनी जाताजाता एक वेगळेच काम केले. काही वर्षांत त्या भागातून गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या बायका आधीच्या मानाने लवकरच्या टप्प्यात येऊ लागल्या. कोणतेही नवे औषध नाही, नवे यंत्र नाही. मोजणी ही उपचारापासून तुटलेली कारकुनी आहे असे म्हणणाऱ्यांनी बार्शीचे हे प्रकरण आवर्जून वाचावे.

बार्शीमुळेच आणखी एक गोष्ट शक्य झाली. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात १,३१,७४६ स्त्रियांवर गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या तपासणीची मोठी चाचणी झाली. या कॅन्सरला कारण ठरणाऱ्या एचपीव्ही विषाणूची एकदाच केलेली तपासणी आठ वर्षांत मृत्यू जवळपास निम्म्यावर आणते, हे तिने दाखवले. २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि जगभरच्या तपासणीच्या धोरणात त्यांचा आधार घेतला गेला. गावागावांत ओळख असलेली माणसे आणि मृत्यूपर्यंतचा माग काढणारी नोंदणी आधीपासून नसती तर ही चाचणी झालीच नसती.

पण या चाचणीची दुसरी बाजू लपवून पुढे जाणे बरोबर नाही. तुलनेसाठी ठेवलेल्या गटातल्या स्त्रियांची तपासणी केली नव्हती. नेहमीची सेवा त्यांना मिळत होती, आणि त्या भागात नेहमीची सेवा म्हणजे जवळजवळ काहीच नाही. त्या गटात ६४ स्त्रिया या आजाराने गेल्या, एचपीव्ही तपासणीच्या गटात ३४. यावर टीका झाली आणि ती योग्यच होती. तपासणीचा काही उपयोग होतो हे जगात आधीच ठाऊक होते. प्रश्न कोणती पद्धत परवडेल आणि टिकेल एवढाच होता. त्यासाठी एका गटाला रिकाम्या हाताने ठेवायला नको होते, असे माझेही मत आहे. नाशिकमध्ये काही करायचे तर हा भाग आधी ठरवावा लागेल. सुरगाण्याच्या मजूर बाईला दहा प्रश्न विचारून, रक्त घेऊन, धन्यवाद म्हणून निघून जाणारे संशोधन आपल्याला नको. तिच्या तोंडाची आणि स्तनांची तपासणी, गर्भाशयमुखाची चाचणी, काही सापडले तर पुढच्या उपचाराची सोय, आणि तिला कळेल अशा बोलीत लिहिलेले संमतीपत्र, एवढे देता येत नसेल तर प्रश्नही विचारू नयेत.

फवारणी आणि कॅन्सर यांच्याबद्दल जगाला काय ठाऊक आहे, याचीही उजळणी करू. द्राक्षाच्या बाबतीत तर धडा जुना आहे. जर्मनीत मोझेल नदीच्या आणि इतर खोऱ्यांतल्या द्राक्षमळ्यांत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आर्सेनिकची औषधे सर्रास मारली जात. १९४२ मध्ये ती बंद झाली. पण तिथल्या मळेकऱ्यांमध्ये त्वचेचे, फुफ्फुसाचे आणि यकृताचे कॅन्सर त्यानंतरही कित्येक वर्षे निघत राहिले, आणि शवविच्छेदनांच्या नोंदींतून त्यांचा आर्सेनिकशी संबंध लागला. औषध बंद झाले तरी त्याचे परिणाम पुढे दशकभर, दोन दशके चालू राहतात. आपल्याकडे निर्यातीची द्राक्षशेती गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात फोफावली. द्राक्ष निर्यात करणाऱ्या महाग्रेप्स या संघाची स्थापना १९९१ ची. त्या वेळी पंचविशीत असलेला फवारणारा आज साठीच्या आसपास आहे. मोजायची वेळ हीच आहे. आणखी पंधरा वर्षे थांबलो तर ती पिढी विचारायला उरणार नाही.

आज वापरात असलेल्या औषधांबद्दलचा पुरावा मात्र इतका सरळ नाही, आणि तो सरळ आहे असे भासवणाऱ्यांपासून सावध राहावे. सुपारीला कर्करोगकारक म्हणणाऱ्या त्याच आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१५ मध्ये लिंडेन या कीटकनाशकाला निश्चित कर्करोगकारक ठरवले. मॅलाथिऑन, डायझिनॉन आणि ग्लायफोसेट यांना 'बहुधा कर्करोगकारक' म्हटले. ही वर्गवारी पुरावा किती पक्का आहे हे सांगते. धोका किती मोठा आहे हे सांगत नाही. अमेरिकेत आयोवा आणि नॉर्थ कॅरोलिना या राज्यांतल्या सुमारे ८९ हजार शेतकरी, फवारणी करणारे आणि त्यांच्या जोडीदारांचा १९९३ पासून पाठपुरावा चालू आहे. त्यात एकूण कॅन्सर इतर लोकांपेक्षा कमी दिसतो, कारण शेतकरी सिगारेट कमी ओढतात. पण प्रोस्टेटचा कॅन्सर जास्त दिसतो. ग्लायफोसेटचा लिम्फोमाशी, म्हणजे लसिकाग्रंथींच्या कॅन्सरशी, संबंध त्या अभ्यासाच्या २०१८ च्या निष्कर्षांत आढळला नाही. तिथला शेतकरी बंद केबिनच्या ट्रॅक्टरमध्ये बसून मका-सोयाबीनवर फवारतो. आपला माणूस तोंडाला पंचा बांधून, अनवाणी, डोक्याच्या वर पसरलेल्या मांडवावर फवारतो आणि ते औषध त्याच्याच अंगावर गळते. तिथला दिलासा इथे लागू नाही आणि तिथली भीतीही जशीच्या तशी लागू नाही. इथले उत्तर इथेच शोधावे लागेल.

आणि ते शोधायला नाशिककडे अशी एक गोष्ट आहे जी बहुतेक देशांतल्या संशोधकांकडे नाही. अशा अभ्यासांची मोठी अडचण आठवणीची असते. आजारी माणसाला विचारले की तो प्रत्येक फवारणी आठवून सांगतो, धडधाकट माणूस विसरलेला असतो, आणि त्या फरकातूनच खोटा संबंध उभा राहतो. आपल्याकडे निर्यातीच्या प्लॉटवर कोणत्या तारखेला कोणते औषध किती मारले याच्या लेखी नोंदी वर्षानुवर्षे ठेवल्या जात आहेत. काही युरोपीय प्रमाणपत्रांसाठी तर फवारणाऱ्याचे नावही लिहावे लागते. या वह्या युरोपातल्या गिऱ्हाइकासाठी लिहिल्या गेल्या हे खरे. बागायतदाराच्या संमतीने त्या माणसांच्या आरोग्याशी जोडल्या, तर कोणत्या औषधाशी किती वर्षे संपर्क आला हे आठवणीवर न सोडता सांगता येईल. त्यांतल्या काही वह्या खोट्या असतील, काही तपासनीस येण्याच्या आदल्या रात्री एकाच पेनाने भरलेल्या असतील. चालेल. आठवणीपेक्षा त्या बऱ्याच बऱ्या.

दुसरी गोष्ट म्हसरूळला आहे. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून नाशिकमध्ये आहे आणि राज्यभरची वैद्यकीय महाविद्यालये त्याला जोडलेली आहेत. प्रत्येक एमडी-एमएसच्या विद्यार्थ्याला थिसिस लिहावा लागतो. दरवर्षी थिसिसांचा नवा ढीग तयार होतो आणि त्यातले बहुतेक परीक्षा संपताच कपाटात जातात. विषय तेच ते, रुग्णांची संख्या तुटपुंजी, कारण एकट्या विद्यार्थ्याला दीड-दोन वर्षांत दुसरे काही जमणार नसते. विद्यापीठाने ठरवले तर हे सगळे एका दिशेला वळवता येईल. पॅथॉलॉजीचा विद्यार्थी एका तालुक्यातल्या पाच वर्षांच्या बायोप्सी गोळा करेल. सामुदायिक वैद्यकशास्त्राचा विद्यार्थी मृत्यूदाखल्यांची तपासणी करेल. कान-नाक-घशाचा विद्यार्थी सिन्नरच्या विडी कामगारांची तोंडे पाहील. प्रत्येकाचा थिसिस स्वतंत्र, पण माहिती एकाच नमुन्यात, एकाच ठिकाणी. यासाठी नवा कायदा लागत नाही.

इथे कोणी विचारेल की जग जनुकांपर्यंत पोहोचले आहे आणि तुम्ही वह्या काय जोडत बसलात. नाशिकमध्येही जनुकांपर्यंत पोहोचलेले लोक आहेत. इथल्या दातार कॅन्सर जेनेटिक्सच्या स्तनांच्या कॅन्सरसाठीच्या रक्तचाचणीला २०२१ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 'ब्रेकथ्रू' दर्जा दिला. अंबडच्या औद्योगिक वसाहतीतून असे काम होते याचा नाशिककर म्हणून आनंद आहे. हा दर्जा म्हणजे छाननी लवकर व्हावी यासाठीची सवलत; मान्यता ही वेगळी पायरी, हेही लक्षात ठेवावे. पण माझा मुद्दा कोणत्याही एका चाचणीचा नाही. समजा, कोणतीही एक चाचणी शंभर रुग्णांपैकी नव्वद पकडते आणि शंभर निरोगी स्त्रियांपैकी नव्व्याण्णवांना बरोबर निरोगी ठरवते. इतकी चांगली चाचणी विरळाच. एक लाख स्त्रियांमध्ये शंभर जणींना आजार असेल, तर ती नव्वद खऱ्या आणि ९९९ खोट्या रुग्ण काढून देईल. म्हणजे 'आहे' असा निकाल आलेल्या दर बारा जणींपैकी अकरा जणींना नसलेल्या आजाराची धास्ती. लाखात पाचशे जणींना असेल तर जवळपास तिघींतली एक खरी निघेल. चाचणी तीच, तिचा उपयोग मात्र लोकांत आजार किती आहे यावर ठरतो. तो आकडा प्रयोगशाळेत मिळत नाही. रुग्णालयांचेही तसेच. जिल्ह्यात कोणता कॅन्सर किती हे ठाऊक नसताना रेडिओथेरपीची यंत्रे कुठे आणि किती बसवायची हे ठरवणे म्हणजे पंगत किती जणांची हे न विचारता भात टाकणे.

औषधांच्या बाबतीतही आपले प्रश्न आपल्यालाच विचारावे लागतात, हे टाटा रुग्णालयाने चांगले दाखवून दिले आहे. डोके-मानेच्या बळावलेल्या कॅन्सरवर निव्होलुमॅब नावाचे प्रतिकारशक्तीचे औषध आहे. नेहमीची मात्रा दर पंधरा दिवसांनी २४० मिलिग्रॅम. इतके महाग की आपल्या रुग्णांपैकी फारच थोड्यांना मिळते. तिथल्या डॉक्टरांनी तीन आठवड्यांतून एकदा फक्त २० मिलिग्रॅम, कमी मात्रेच्या तोंडी औषधांसोबत देऊन पाहिले. एक वर्षानंतर हयात असणाऱ्यांचे प्रमाण नुसत्या तोंडी औषधांवरच्या १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेले. निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. कमी मात्रेत भागते का, हा प्रश्न औषध विकणारी कंपनी कशाला विचारेल? तसेच, द्राक्षबागेत फवारणाऱ्याला काय होते हा प्रश्न औषध विकणाराही विचारणार नाही आणि द्राक्ष विकत घेणाराही. तो सरकारी पैशानेच विचारावा लागतो.

पैसा हा आक्षेप नेहमी येतो, पण इथे तो फारसा टिकत नाही. नोंदणीला लागतात ती माणसे, दुचाक्या, संगणक आणि वर्षानुवर्षे न थांबणारे पगार. सिंहस्थाच्या कामांचे आकडे रोज वाचणाऱ्या शहरात हा खर्च कोणाच्या डोळ्यांतही भरणार नाही. खरी अडचण अशी, की यात कोनशिला बसवता येत नाही आणि पहिली तीन-चार वर्षे छापण्यासारखे काही निघत नाही.

बाजाराची भीती मला जास्त खरी वाटते. उद्या नाशिकच्या द्राक्षपट्ट्यात अमुक कॅन्सर जास्त, अशी बातमी आली तर भाव पडतील, असे बागायतदाराला वाटणे स्वाभाविक आहे. २०१० चा चटका त्याने सोसला आहे. पण बाजार पाडला तो न मोजलेल्या अंशांनी, आणि सावरला तो मोजू लागल्यावर. शिवाय फवारणारा बऱ्याच घरांत मालकाचा स्वतःचा मुलगा असतो. द्राक्ष बागायतदार संघाला या कामात सुरुवातीपासून बरोबर घ्यावे. निष्कर्ष गावांच्या नावांनिशी नव्हे, तर तालुक्यांच्या पातळीवर आणि आधी तज्ज्ञांनी तपासून मगच जाहीर व्हावेत. रुग्णाचे नाव नोंदणीच्या बाहेर जाऊ नये. एवढ्या अटी लेखी असल्या तर विरोध बराच मावळेल असे मला वाटते. ज्या घरांत आजाराचे नावच काढत नाहीत, तिथे वेळ लागेल. बार्शीच्या माणसांनाही लागला होता.

पहिल्या वर्षी सगळा जिल्हा हाती घेऊ नये. नाशिक शहर, निफाड, दिंडोरी आणि तुलनेसाठी एखादा द्राक्ष नसलेला तालुका पुरे. शासकीय आणि खासगी पॅथॉलॉजी लॅब, शालिमारचे संदर्भ सेवा रुग्णालय, खासगी कर्करोग रुग्णालये आणि महात्मा फुले योजनेचे दावे यांची माहिती एकत्र आणावी. परळहून नाशिकच्या पत्त्याच्या नोंदी मागवण्याचा रीतसर करार करावा. फवारणाऱ्यांचा पाठपुरावा दुसऱ्या वर्षी. त्यातून ठाम काही बोलता यायला २०४० उजाडेल. तोवर किती पालकमंत्री आणि किती जिल्हाधिकारी बदलतील ते सांगता येत नाही, म्हणून हे काम त्यांच्याकडे न देता विद्यापीठाकडे असावे आणि त्याचा पैसा दरवर्षी मागावा लागू नये अशी तरतूद असावी. विद्यापीठाच्या अधिसभेत एखाद्या सदस्याने हा प्रश्न लेखी विचारला आणि कुलगुरूंनी त्याला लेखी उत्तर दिले, तरी सुरुवात झाली असे मी धरेन.